माइनक्राफ्टनंतर काय घेऊ?

भावा, सरळ वालहाइम हा गेम घे. एका जगात 10 जणांपर्यंत खेळता येतं, म्हणजे तू टिळकवाडीतून आणि तुझा मावसभाऊ निपाणीतून मिळून घर बांधाल. सबनॉटिका फार सुंदर आहे, पण तिथं समुद्रात एकट्यानंच राहायचं, तो नंतर.

सुरुवातीला वाडा बांधायची घाई नको, चार भिंतींची खोली पुरे. वर्कबेंचवर छप्पर हवंच, नाहीतर हत्यारं बनत नाहीत. घरात आग पेटवलीस तर धुराला वाट ठेव. मी पहिल्या रात्री सगळं गच्च बंद केलं, धूर कोंडला नि आतच मेलो. आढ्याजवळ फट सोडली की झालं, फक्त वरून पाऊस येऊ देऊ नको.

उपाशी मरत नाहीस, पण तीन वेगवेगळे पदार्थ खाल्ल्याशिवाय लढायला जाऊ नको. आणि खानापूरकडं पावसात लाइट जाते, मधेमधे सेव्ह करत जा.