मैत्रीला विंटरिंगला निघालायस तर

अरे, अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री स्टेशनवर हिवाळाभर राहणाऱ्या विंटर टीममध्ये तुझं नाव लागलं ऐकून जाम भारी वाटलं. मॅग्नेटोमीटरचं, म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व मोजायच्या यंत्राचं, काय ते पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेत शिकवतीलच, दिल्लीचं मेडिकल, औलीचं बर्फातलं ट्रेनिंग वगैरे सगळं रीतसर होईल, त्यावर मी काय लिहिणार. ज्याचा कोणी क्लास घेत नाही ते लिहितो, म्हणजे पंचवीसेक माणसांनी एका छपराखाली वर्ष काढायचं कसं. शेवटचं विमान गेलं की पुढचे कित्येक महिने नवीन तोंड दिसत नाही आणि ज्याच्याशी वाजलं त्याच्याच शेजारी ताट घेऊन बसायचं असतं.

तिकडे सायंटिस्ट आणि लॉजिस्टिकवाले असे दोन कंपू आपसूक पडतात, तू त्या भानगडीत पडू नकोस. मैत्रीला पाणी प्रियदर्शिनी तळ्यातून येतं, आणि हिवाळ्यात लाईन गोठली तर ब्लिझार्डमध्ये, म्हणजे बर्फाच्या वादळात, ती मोकळी करायला जाणारा माणूस पीएचडीवाला नसतो. जनरेटर रात्री तीनला बंद पडला तरी तेच. त्यामुळे आंघोळ दोन मिनिटांत उरक, आणि डबे उचलायचे असोत की बर्फ उपसायचा असो, बोलवायची वाट न बघता जा.

गॅली ड्युटी, म्हणजे स्वयंपाकघरातली पाळी, सगळ्यांना, लीडरलासुद्धा. इथेच माणूस कळतो बघ. ताटं सगळेच घासतात रे, पण कढईचं बूड, सिंकच्या जाळीतला भात, ओटा पुसल्यावर फडकं पिळून वाळत टाकणं, हे जो करतो त्याला शेफ वर्षभर जपतो. आणि जेवणाला नावं ठेवू नकोस, ताजी भाजी संपल्यावर फ्रोजन मटार आणि टिनमधल्या मालावर तो बिचारा काय जादू करणार?

आता तुझ्या कामाचं. तुझ्यामुळे इतरांना जरा त्रासच असतो हे मान्य करून टाक. मॅग्नेटोमीटरच्या झोपडीत शिरताना लोखंड नको म्हणून तू बेल्ट, किल्ल्या, मोबाईल सगळं बाहेर काढून ठेवशील पण स्नो स्कूटरवाल्याला काय माहीत की त्याची गाडी जवळून गेली तर तुझं रीडिंग बोंबलतं. वॉकीटॉकीवर सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडू नकोस. एकदा त्याला बोलावून स्क्रीनवर दाखव, गाडी आली तिथे रेषा कशी टुणकन उडालीय ते. पुढच्या वेळी तो स्वतःच लांबून वळसा घेईल, आणि दुसऱ्यांनाही सांगेल.

मे संपता संपता सूर्य जातो तो जवळपास दोन महिने येत नाही. तेव्हा झोपेचा पार बट्ट्याबोळ होतो, कोणी रात्रभर जागा, कोणी दुपारी बाराला झोपलेला, एखादा बडबड्या माणूस एकदम गप्प होतो. त्याला सारखं काय झालं काय झालं विचारत बसू नकोस, चहा दे, कॅरम मांड, आणि फारच वाटलं तर डॉक्टरांच्या कानावर घाल, पण गुपचूप, टेबलावर नाही. घरून फोन आल्यावर कोणाचा चेहरा पडला तर त्यावर तर जोक नकोच. दरवाजा हळू लाव. आणि हो, तिथे अजून दोघं मराठी भेटले तर जेवताना हिंदीत बोला, आपण तिघं हसतोय आणि केरळचा माणूस नुसता बघतोय हे रोज झालं की तो उठून जायला लागतो.

टीममध्ये एखादीच बाई असू शकते. इस्रोच्या मंगला मणी 2016-17 मध्ये अंटार्क्टिकातल्याच आपल्या भारती स्टेशनवर वर्षाहून जास्त राहिल्या, तेव्हा वय छपन्न आणि टीममध्ये बाई एकटीच. अशा ठिकाणी तिला ना देव्हाऱ्यात बसवायचं ना सारखी मदत ऑफर करायची, गॅली ड्युटी तिलाही तुझ्याइतकीच. खोलीवर टकटक केल्याशिवाय जायचं नाही, हे तर सगळ्यांच्याच बाबतीत.

भांडण होणारच, होऊ दे. पण लीडरकडे जायच्या आधी त्या माणसाशी एकट्यात बोल, आणि शक्यतो त्याच दिवशी.

एका गोष्टीत मात्र अजिबात सूट नाही. बाहेर पडताना नोंद करायची, किती वाजता परत येणार ते सांगायचं आणि तेव्हा यायचंच. ऑरोरा, म्हणजे आकाशातला तो रंगीत उजेड, छान दिसतोय म्हणून तू तासभर जास्त रेंगाळलास तर तुला शोधायला चार जण वाऱ्यात बाहेर पडतात, त्यांचाही जीव आहे.

औलीहून आलास की फोन कर, सामानाची यादी बघू. थालीपिठाची भाजणी सगळ्यांना पुरेल एवढी घे.