पेटंटच्या क्षेत्रात ई अँड टीसीच्या मुलीला वाव आहे का?

प्रश्न : माझी मुलगी ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार) अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोबाईल कंपन्या आधी एकमेकींवर खटले भरतात आणि नंतर एकमेकींना पेटंट वापरण्याची परवानगी देतात, अशा बातम्या ती आवडीने वाचते व याच क्षेत्रात जायचे म्हणते. हे तर वकिलांचे काम आहे ना? – एक पालक, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. न्यायालयात उभे राहणे हे वकिलाचेच काम आहे; परंतु करार कोणत्या अटींवर व्हावा, हे ज्या कागदांवरून ठरते, ते कागद बहुतांशी अभियंते तयार करतात, आणि मुलीचा ओढा नेमका तिकडे आहे असे मला वाटते.

नोकिया आणि ओप्पो यांचेच उदाहरण घ्या. २०२१ मध्ये सुरू झालेले त्यांचे खटले युरोपातील अनेक न्यायालयांत आणि दिल्ली उच्च न्यायालयातही चालले, जर्मनीत ओप्पोला विक्री थांबवावी लागली, आणि जानेवारी २०२४ मध्ये दोघांनी परस्पर परवाना करार करून सर्व खटले मिटवले. ५जीच्या मानकात, म्हणजे सर्व फोन आणि टॉवर पाळतात त्या सामाईक तांत्रिक नियमांत, दोघांचीही पेटंटे असल्यामुळे परवानगी दोन्ही बाजूंनी दिली गेली, तरी रॉयल्टी ओप्पोने नोकियाला द्यायची ठरली. अशा वाटाघाटींत कोणाचे पारडे किती जड, हे पेटंटांच्या संख्येइतकेच त्यांच्या दर्जावर अवलंबून असते, आणि तो दर्जा दाखवणारा कागद म्हणजे क्लेम चार्ट.

त्यात डाव्या रकान्यात पेटंटमधील दाव्याचा (शोधातील नेमके काय आपले, हे सांगणाऱ्या वाक्याचा) एकेक घटक आणि उजव्या रकान्यात मानकातील त्याच्याशी जुळणारे वाक्य मांडतात. समजा, दावा असा आहे की फोन टॉवरच्या संदेशाची ताकद मोजतो, ती टॉवरला कळवतो आणि दुसऱ्या टॉवरकडे जाण्याचा निर्णय स्वतःच घेतो. मानकात मात्र हा निर्णय नेटवर्कने घ्यायचा असेल, तर पहिले दोन घटक तंतोतंत जुळूनही तिसऱ्यापाशी तो चार्ट कोसळतो. हा फरक हेरण्यासाठी संदेशवहन मुळातून समजलेले असावे लागते.

पेटंट एजंट, म्हणजे संशोधकाच्या वतीने पेटंट कार्यालयात अर्ज करणारी अधिकृत व्यक्ती, होण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. भारतीय नागरिकत्व, २१ वर्षे पूर्ण वय आणि विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी असल्यास पेटंट कार्यालयाची परीक्षा देता येते. मात्र ती दरवर्षी होतेच असे नाही, म्हणून केवळ तिच्या भरवशावर न राहता तिने मधल्या काळात एखाद्या पेटंट फर्ममध्ये उमेदवारी करावी. पुढे न्यायालयात बाजू मांडायची इच्छा झाली, तर एलएलबी नंतरही करता येईल.

या सुट्टीत तिला भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरून दूरसंचारातील एखादे मंजूर पेटंट विनामूल्य उतरवून घेऊ द्या आणि त्यातील पहिल्या दाव्याचे घटक वहीत वेगवेगळे लिहायला सांगा. पहिल्या संध्याकाळी ती भाषा रुक्ष वाटणारच. दुसऱ्या संध्याकाळी ती आपणहून वही उघडते का, तेवढे पाहा आणि मला कळवा.