तुमची नदी कोणती?

तुम्ही विचारलंय, की आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनकडे यायचं ठरवतोय, तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं? व्हिसा, पगार, टॅक्स सगळं सरकारी वेबसाइटवर आहे, ते सोडते. तुमच्या मुलीचं वय वाचलं म्हणून लिहायला बसले. २०१४ साली चिंचवड सोडलं तेव्हा माझा मुलगाही सात वर्षांचाच होता.

आधी एक करा, सगळ्या कागदांवरची नावं जुळवून घ्या. माझ्या डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात नुसतंच पहिलं नाव. न्यूझीलंडच्या इमिग्रेशनकडून ईमेल आली, या तीन निरनिराळ्या बायका आहेत का? लग्नानंतर मधलं नावही बदलतं हे प्रतिज्ञापत्रावर लिहून नोटरी करून पाठवलं, तोवर मेडिकलची मुदत उलटली. परत एक्स-रे, परत पैसे.

थंडीचं म्हणाल तर बर्फापेक्षा घरं छळतात. लाकडी, एकपदरी काचांची. सकाळी खिडकीतून पाणी ओघळतं, फडक्यानं पुसायचं. आता भाड्याच्या घरात दिवाणखाना १८ अंशांपर्यंत तापवणारा हीटर देणं घरमालकावर बंधनकारक आहे, आमच्या वेळी तेही नव्हतं. दक्षिणेचा वारा सुटला की छत्री विसरा, रेनकोटच घ्या. गोडा मसाला विमानतळावर 'डिक्लेअर' करा, नाहीतर ४०० डॉलर जातील. मध तर आणूच नका.

एकटेपणा? असतो. गणपतीत मंडळात जा, मोदक करा, भागतं. पुढे.

शाळेबद्दल मात्र लिहिते. मुलं अनवाणी खेळतात, घरचा अभ्यास नावापुरता, भूकंप आला तर टेबलाखाली कासव व्हायचं हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. (२०१६च्या नोव्हेंबरात मध्यरात्री ७.८चा आला, तेव्हा आमच्या घरात कासव व्हायला फक्त मुलालाच सुचलं.) आणि 'पेपेहा' शिकवतात. माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, रीतीनं ओळख सांगायची, तर आधी माझा डोंगर, मग माझी नदी, स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. मुलानं सांगितलं: डोंगर दुर्गा टेकडी, नदी पवना. निगडीच्या त्या टेकडीला कुणी डोंगर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. बाईंनी कौतुकानं कागद भिंतीवर लावला.

त्याच बाईंनी महिन्याभरानं आम्हाला बोलावलं. वर्गात गप्प असतो, घरी इंग्रजीच बोला, लवकर रुळेल. चिंचवडला इंग्रजी माध्यमात शिकलेलं पोर! तो गप्प होता कारण त्याचे मित्र तिकडे राहिले होते. हे मला कळत होतं. तरी आम्ही मान डोलावली आणि दोन वर्षं घरात 'कम, ईट' केलं. बाईंचा हेतू वाईट नव्हता, म्हणून तर राग कुणावर काढायचा कळत नाही. डोलावणारी मान माझीच होती.

आता तो अठराचा आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. आमच्या उन्हाळ्यात भारतातलं घड्याळ साडेसात तास मागे असतं, रविवारी रात्री जेवणं आटोपली की माझ्या आईला फोन लावतो, तिकडे दुपार असते. ती विचारते, जेवलास का रे सोन्या? तो 'येस आजी' म्हणतो आणि दोघं माझ्याकडे बघतात. पेपेहा अजून करतो, छान करतो. डोंगर रेमुटाका, नदी ते आवा काइरांगी, म्हणजे आमच्या घराजवळची हट. चुकीचं काही नाही, तो तिथेच पोहायला शिकला.

तर या. शाळेत घरच्या भाषेबद्दल कुणी काही सुचवलं तर हसून 'थँक यू' म्हणा आणि घरी येऊन मराठीतच भांडा. आणि तुमच्या मुलीला विचाराल का, तिची नदी कोणती म्हणून? इथे यायच्या आधी विचारा.