गेम फुकट, मग खात्यातून पैसे कसे जातात?

इंदूरच्या रामबागेतल्या एका आईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा १७ वर्षांचा, भंवरकुआंला जेईईचा क्लास, हातात एक फँटसी गाचा गेम, म्हणजे ज्यात पात्रं सोडतीसारखी नशिबाने लागतात. बाबांच्या यूपीआयवरून दोन महिने थोड्या थोड्या रकमा जात होत्या. मुलगा म्हणे, "आई, एक रुपया न घालता पूर्ण गेम खेळता येतो, सगळे खेळाडू हेच सांगतात." मावसभाऊ म्हणे, "मावशी, शुद्ध लूट आहे." खरं कुणाचं मानायचं?

दोघांचंही. अशा गेममध्ये नकाशा, कथा, लढाया खरोखर फुकट असतात आणि मेहनतीने केलेल्या असतात. पैसा लागतो तो हवं तेच पात्र हव्या त्या वेळी मिळवायला. ज्याला पंधराव्या पुलला (पुल म्हणजे सोडतीचा एक डाव) पात्र लागलं तो गेमला उदार म्हणतो. ज्याचे साठलेले सगळे पुल गेले तो शिव्या देतो. म्हणून कुणाचं मत ऐकताना विचारायचं, तुझे किती पुल गेले?

मुलासोबत कागदावर हिशेब मांडला. आकडे २०२० मध्ये आलेल्या गेन्शिन इम्पॅक्टचे घेतले, कारण ते जाहीर आहेत. पाच स्टार, म्हणजे सगळ्यांत दुर्मिळ, पात्राची मूळ शक्यता दर पुलला ०.६ टक्के. याच दराने ७३ पुल केले तरी १०० पैकी साधारण ६४ जणांना काहीच लागत नाही. त्यानंतर शक्यता झपाट्याने चढते आणि ९०व्या पुलला पाच स्टार पक्कं, यालाच पिटी म्हणतात. पण ते बॅनरवरचंच, म्हणजे ठरावीक दिवसांच्या त्या सोडतीत पुढे केलेलंच, निघेल असं नाही. हुकलं तर पुढचं मात्र खात्रीचं. म्हणजे वाईटात वाईट १८० पुल, एका पुलला १६० प्रिमोजेम (गेममधलं चलन), एकूण २८,८००. रोजच्या चार कामांचे मिळतात ६०. बॅनर २१ दिवसांचा, तेवढ्यात यातून जेमतेम ७ पुल. इव्हेंटचे वेगळे, पण दरी केवढी आहे ते मुलाला तिथेच दिसलं. आधी रुपयांचे क्रिस्टल, मग प्रिमोजेम, मग पुल, अशा पायऱ्यांमुळे रुपये डोळ्यांआड होतात. चलनाच्या याच गुंत्याचा मुद्दा अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनेही या गेमच्या कंपनीविरुद्ध मांडला होता. २०२५ मध्ये ते प्रकरण २ कोटी डॉलरवर मिटलं.

या मुलाचे पैसे बहुतेक बॅनरच्या शेवटच्या रात्री जात होते. "७० झालेत, आता सोडलं तर वाया." इथे त्याची चूक होती: त्याच प्रकारच्या पुढच्या बॅनरला पिटीची मोजणी तशीच चालू राहते. हे नीट कळल्यावर त्याची निम्मी घाई ओसरली. नियम त्यानेच ठरवला: हातात १८० पुलांचा साठा नसेल तर बॅनर सोडायचा, आणि महिन्याची रक्कम पॉकेटमनीतूनच.

घरी तीन कामं. यूपीआय पिन बदलायचा; मुलाला तो पाठ होता. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावायची. तिथलंच 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' उघडून खरेदीचा इतिहास बाबा आणि मुलाने शेजारी बसून वाचायचा, आरडाओरडा न करता. तिथे महिन्याचं बजेटही लावता येतं, पण ते फक्त सूचना देतं, खरेदी अडवत नाही. त्यावर विसंबणारे फसतात. गेम मात्र पहिल्याच दिवशी उडवू नका. मुलगा तो मित्राच्या फोनवर खेळेल आणि तुमच्याशी बोलणं बंद करेल. हे फार घरांत होतं आणि फार महागात पडतं.

"हे व्यसन आहे का हो?" आईंनी जाताना विचारलं. क्लास, झोप, जेवण सगळं जागेवर होतं, म्हणून तसा शिक्का मारला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये गेमिंगच्या विकाराला ताबा सुटणं, बाकी सगळ्यापुढे गेम, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे सहसा वर्षभर, असे निकष आहेत. उधारी, चोरी किंवा रात्र रात्र जागरण सुरू झालं तर वर्षाची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर चोवीस तास बोलता येतं.