ताजं वॉरंट, ४.५ ग्रेड आणि इतर गैरसमज

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड, हॅमिल्टन, ख्राइस्टचर्च, कुठूनही मेसेज आला तरी गाडी तीच, जपानवरून आलेली जुनी सुबारूची लेगसी बी४ नाहीतर डब्ल्यूआरएक्स नाहीतर मित्सुबिशीची इव्हो, आणि प्रश्नही तेच. म्हणून एकदाच लिहितो, पुढच्या वेळी हेच वाचा म्हणून सांगेन.

सर, डीलर म्हणतो कालच वॉरंट (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला) काढलंय, मग वेगळं इन्स्पेक्शन कशाला?

कारण वॉरंटमध्ये इंजिन कसंय ते बघतच नाहीत. टायर १.५ मिमीच्या वर आहेत का, ब्रेक, लाइट, सीटबेल्ट, स्ट्रक्चरला गंज, बस. टर्बो मरायला टेकलाय, दुसऱ्या गिअरचा सिन्क्रो गेलाय, हेड गॅस्केट गळायला आलंय, तरी वॉरंट मिळतं. डीलरने ते काढलं म्हणजे उपकार नाही केले, विकताना महिन्याच्या आतलं वॉरंट द्यायचंच असतं. पैसे देण्याआधी डीलरचा नाही, आपला मेकॅनिक शोधा आणि गाडी होइस्टवर चढवून बघा. आणि फेसबुकवरून प्रायव्हेट घेताय तर अजूनच, कारण तिथे ग्राहकाला हमी देणारा कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्ट लागू नाही. गाडीवर कर्ज आहे का ते पीपीएसआर या तारणाच्या सरकारी नोंदणीत पाच मिनिटांत कळतं, तेही कुणी करत नाही.

ऑक्शन शीटवर (जपानमधल्या लिलावाच्या तपासणीचा कागद) ४.५ ग्रेड आहे, म्हणजे निर्धास्त ना?

ग्रेड त्या दिवसाची, जपानमधल्या यार्डातली. त्यानंतर गाडी बोटीतून आली, इथे उभी राहिली, कोणी चालवली कोणास ठाऊक. ओरिजिनल शीट मागा, त्यावरचा चॅसिस नंबर गाडीशी जुळवा, आणि ग्रेडच्या जागी 'आर' किंवा 'आरए' असेल तर ठोकून दुरुस्त केलेली आहे हे समजा. डीलरकडे गाडीवर कन्झ्युमर इन्फर्मेशन नोटीस लावलेली असते, त्यात 'डॅमेज्ड अवस्थेत इम्पोर्ट' ही ओळ आधी वाचा, किंमत नंतर. होक्काइडोकडची गाडी असेल तर बर्फावर टाकलेल्या मिठाने खालून पत्रा खाल्लेला असू शकतो, आणि खाली नवा कोरा काळा अंडरसील चकचकीत दिसला तर खूश होऊ नका, बऱ्याचदा गंज लपवायलाच फासतात. मेकॅनिकला खरवडून बघायला सांगा.

९१ ऑक्टेनचं पेट्रोल चालेल का? महाग पडतं हो ९८.

नाही. टर्बो गाडी जपानच्या हाय-ऑक्टेनवर ट्यून केलेली असते, ९८च भरा.

कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेलं सस्पेन्शन) आधीपासूनच लावलेली आहेत, सेलर म्हणतो जपानमध्ये शाकेन (तिथली सक्तीची तपासणी) पास होती. चालेल ना?

आता हे जरा नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. शाकेन जपानचं, इथे त्याला काडीची किंमत नाही. न्यूझीलंडमध्ये हाइट अ‍ॅडजस्ट होणारी कॉइलओव्हर असली की लो व्हॉल्यूम व्हेइकल (एलव्हीव्ही) सर्टिफिकेशन, म्हणजे बदल केलेल्या गाडीची वेगळी मंजुरी, लागतं, सगळे 'सर्ट' म्हणतात ते. ते झालं की इंजिन बेमध्ये छोटी प्लेट ठोकलेली असते आणि गाडीत काय काय बदललंय ते तिच्यावर लिहिलेलं असतं. लोक प्लेट दिसली की खूश, वाचत कोणीच नाही! प्लेटवर एक स्प्रिंग आणि गाडीत दुसरी, प्लेटवर सतरा इंची व्हील आणि खाली अठरा, म्हणजे तेवढ्यापुरतं सर्ट नाहीच. एअरबॅगवालं स्टिअरिंग काढून स्पोर्ट्स व्हील बसवलं असेल तर तेही सर्टमध्ये येतं, आणि बदललेला एक्झॉस्ट ९० डेसिबलच्या वर गेला तर फेल. मग हे लोक काय करतात, वॉरंटच्या दिवशी मित्राकडून ओरिजिनल स्प्रिंग आणून लावायच्या, पास झाली की परत कॉइलओव्हर चढवायची, आणि पुढच्या महिन्यात गाडी तुमच्या गळ्यात. तुमचं वॉरंट खरं, गाडी बेकायदेशीर. पोलिसांनी पिंक स्टिकर (गाडी चालवायला बंदीचा) लावला की गाडी तिथेच थांबली, आणि त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला, इन्शुरन्सवाल्याने मॉडिफिकेशन बघितलं, तुम्ही कळवलेलं नव्हतं, क्लेम नाकारला, समोरच्याची महागडी गाडी तुमच्या खिशातून. 'सर्ट करून देतो नंतर' म्हणणाऱ्या सेलरला सांगा, आधी करून दे मग पैसे. काय सर्ट होईल, काय काढावं लागेल हे एलव्हीव्ही सर्टिफायरलाच विचारा, मलाही फोटोवरून सांगता येणार नाही, आणि तुमच्या रूममेटला तर नाहीच नाही.

टायमिंग बेल्टचा रेकॉर्ड नाही, पुढच्या वर्षी केला तर चालेल? गाडी फक्त ८० हजार चाललीय.

पुढच्या वर्षी इंजिनच कराल. सुबारूच्या ईजे२० टर्बो इंजिनला साधारण एक लाख किलोमीटरला बेल्ट असतो, पण रबर वर्षांनीही म्हातारं होतं, आणि तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. रेकॉर्ड नाही म्हणजे झालेला नाही असंच धरा. टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप एकदमच बदलून घ्या, मजुरी दोनदा देऊ नका. इव्हो ९पर्यंत बेल्टच, इव्हो १०ला चेन आहे.

एअरबॅगच्या रिकॉलचं ऐकलं, घाबरायचं का?

घाबरू नका, नंबर तपासा. ताकाता कंपनीच्या अल्फा प्रकारच्या एअरबॅगचा सक्तीचा रिकॉल इथे २०१८ मध्ये निघाला होता. चॅसिस नंबर देऊन ब्रँडच्या डीलरकडून खात्री करा.

स्वतः जपानवरून मागवली तर स्वस्त पडेल का? २०१० ची एक बघून ठेवलीय.

बोली लावायच्या आधी एंट्री सर्टिफायरला (बाहेरून आलेली गाडी तपासून पास करणाऱ्याला) फोन करा, नंतर नाही. १ मार्च २०२० पासून इथे येणाऱ्या जुन्या कारला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) लागतो, वीस वर्षांच्या वरच्या गाड्यांना सूट आहे. तुमची २०१० ची मधेच अडकतीय, त्या मॉडेलला तो आहे का ते आधी बघा. शिवाय बॉर्डरवर डॅमेज किंवा गंजाचा फ्लॅग लागला तर रिपेअर सर्टिफायर वेगळा, त्याचं बिल वेगळं.

रेडिओवर इथली अर्धी स्टेशनं लागत नाहीत.

जपानचा एफएम बँड खालचा आहे. बँड एक्सपांडर लावा.

परत जाताना ही गाडी पुण्याला नेता येईल का?

नाही. भारतात तीन वर्षांच्या वरची जुनी गाडी इम्पोर्ट होत नाही. इथेच विका, आणि विकताना सर्टची प्लेट जुळतेय ना ते बघा.