आईच्या अर्जात ‘सीडॉ’ लिहायचं का?

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मला समजलं ते असं. आई वडाळ्याहून चेंबूरला तीन घरी पोळी-भाजीला जाते. त्यातल्या एका घरचा मालक बायको घरात नसली की स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा, चहाचा कप घेताना हात धरायचा, नको ते बोलायचा. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हद्द झाली, आईने ते घर सोडलं आणि अठरा दिवसांचा पगार अडकला. तुमच्या ऑफिसातलं कोणी म्हणालं, भारताने ‘सीडॉ’ करारावर सही केलीय, थेट यूएनकडे तक्रार करा. आणखी कोणी म्हणालं, घरकामाला कुठलाच कायदा लागत नाही. आणि इथे खाली एका सदस्याने लिहिलंय, जो करार अमेरिकेनेच मान्य केला नाही तो आपण कशाला डोक्यावर घ्यायचा?

पहिल्या दोघांचं चुकलंय. तिसऱ्यांचं खरं आहे, पण तुमच्या कामाचं नाही.

मी वकील नाही, हे आधीच सांगते. परळच्या एका महिला संघटनेत सव्वीस वर्षं बायकांना अर्ज लिहून देण्यात गेली. त्यामुळे कुठल्या कागदाने टेबलापलीकडचा माणूस हलतो आणि कुठल्याने नाही, एवढं मात्र कळतं.

आधी यूएनचं. सीडॉ म्हणजे स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला. भारताने १९८० मध्ये सही केली आणि १९९३ मध्ये त्याला रीतसर मान्यता दिली. सही आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही म्हणजे साखरपुडा म्हणा हवं तर. अमेरिकेचा साखरपुडाही १९८० सालचाच, लग्न अजून झालेलं नाही. उलट अफगाणिस्तानने २००३ मध्ये एकही अट न घालता मान्यता दिली, आणि तिथल्या मुलींच्या शाळांचं काय झालं ते आपण पाहतोच. तेव्हा कोणी सही केली यावरून फार काही ठरवू नका. मान्य केल्यावर त्या देशातल्या कोर्टांनी आणि संसदेने त्याचं काय केलं ते बघायचं.

एकट्या बाईला जिनिव्हातल्या सीडॉ समितीकडे वैयक्तिक तक्रार करायची तर त्यासाठी वेगळा ऐच्छिक जोडकरार (ऑप्शनल प्रोटोकॉल) आहे, १९९९ सालचा. भारत त्यात नाही. म्हणजे आईचा अर्ज तिकडे पाठवला तरी समितीला तो हातात घेता येणार नाही. तिथे २३ तज्ज्ञ बसतात, देशाचा अहवाल तपासतात, सरकारी शिष्टमंडळाला प्रश्न विचारतात आणि शिफारशी करतात. संघटना त्यांना आपला पर्यायी अहवाल पाठवू शकतात. २०१४ च्या तपासणीनंतर समितीने भारताला सांगितलं होतं की नवऱ्याने केलेल्या बलात्काराला दिलेली सूट कायद्यातून काढा. ती सूट अजून आहे. जिनिव्हाचा हात किती लांब पोचतो, ते यावरून समजून घ्या.

मग तो करार आपल्या काय कामाचा? इथे जरा सविस्तर लिहिते, कारण माझं निम्मं आयुष्य याच खुबीवर गेलंय.

१९९२ मध्ये राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरी देवी या सरकारच्या ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती म्हणून काम करणाऱ्या बाईवर सामूहिक बलात्कार झाला. बालविवाह थांबवायला गेल्याचा राग. ती कामाचाच भाग म्हणून तिथे गेली होती, पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल देशात एक ओळीचा कायदा नव्हता. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. न्यायालय म्हणालं, कायदा नाही ही पोकळी आहे. भारताने सीडॉ मान्य केलाय, तो आपल्या मूलभूत हक्कांशी सुसंगत आहे, तर त्यातला आशय आम्ही त्या हक्कांमध्येच वाचू. अनुच्छेद ११, म्हणजे रोजगारातली समानता, अनुच्छेद २४, म्हणजे हे हक्क प्रत्यक्षात आणायची देशांची हमी, आणि समितीची हिंसाचाराबद्दलची १९ क्रमांकाची शिफारस, एवढ्या सामानावर न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं बांधली. संसदेचा कायदा होईपर्यंत तीच कायदा. संसदेला त्यानंतर सोळा वर्षं लागली. २०१३ चा कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळाचा कायदा, ज्याला ऑफिसात सगळे ‘पॉश’ म्हणतात, त्याच्या प्रास्ताविकातच सीडॉचं नाव आहे.

म्हणजे ज्या कराराला शोधत तुम्ही जिनिव्हाला निघाला होतात, तो इथे कायद्यात येऊन बसलाय. आईच्या अर्जात पॉश लिहिलंत की सीडॉ आपोआप आला.

आता दुसऱ्या सल्लागाराचं. २०१० मध्ये विधेयक आलं तेव्हा घरकामगार खरंच त्यातून वगळलेल्या होत्या. खूप ओरड झाली, संसदीय समितीनेही सांगितलं, आणि मग त्यांना आत घेतलं. कायद्यातल्या व्याख्येत पगारावर घरकाम करणारी कुठलीही बाई येते. अर्धवेळ, पूर्णवेळ, कायम, तात्पुरती, एजन्सीमार्फत किंवा थेट. आणि ‘कामाची जागा’ या शब्दांत राहतं घरही येतं. चेंबूरच्या त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर हे आईचं कामाचं ठिकाण आहे. तुमच्या ऑफिसातलं टेबल जितकं, तितकंच.

ऑफिसात तक्रारीसाठी असते तशी अंतर्गत समिती घरात कुठून असणार, म्हणून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुंबईत जिल्हे दोन, हे बऱ्याच मुंबईकरांच्या गावीही नसतं. शीव-माहीमच्या अलीकडे मुंबई शहर, त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या जकात घरात. पलीकडे मुंबई उपनगर, त्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला. तुम्ही राहता वडाळ्यात, म्हणजे शहरात. पण प्रकार घडला चेंबूरला, म्हणून अर्ज वांद्र्याला. हद्दीवरून परत पाठवलेले अर्ज मी इतके पाहिलेत की हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लिहिताना सीडॉ, राज्यघटना, मानवी हक्क यांचा पहिला परिच्छेद टाकू नका. शिकलेली लेक अर्ज लिहायला बसली की हमखास हे करते. वाचणारा माणूस तिसऱ्या ओळीला थकतो आणि गौरी विसर्जनाचा दुसरा दिवस पाचव्या ओळीत असतो. तारखेपासून सुरुवात करा. कुठे, किती वाजता, तो काय बोलला. ते शब्द आईच्याच तोंडचे हवेत, सोवळे करून नाहीत. कोणाला सांगितलं, लिफ्टमनला, शेजारच्या घरातल्या बाईला. आईला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणं समितीच्या अध्यक्षांवर बंधनकारक आहे. पण तुम्ही लिहिताय तेच बरं. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. “ठेवून जा, नंतर पाहू” म्हणाले तर हसून तिथेच उभं राहायचं. पगाराचा अर्ज वेगळा करा, एका कागदावर दोन भांडणं नकोत.

या कायद्यात मला एक गोष्ट खटकते, तीही सांगून ठेवते. ऑफिसातल्या बाईची तक्रार आली की समिती चौकशी करते, साक्षी होतात, शिफारस होते. घरकामगार बाईच्या बाबतीत मात्र प्रथमदर्शनी तथ्य दिसलं की समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं, एवढंच. पुष्कळ बायकांना पोलीस ठाणं नकोच असतं. त्यांना पगार हवा असतो, माफी हवी असते आणि त्याच सोसायटीतली बाकीची दोन घरं टिकायला हवी असतात. जी समानता करारातून आली, ती घरकामगाराच्या दाराशी येऊन अर्धी झाली. तेव्हा आईशी बसून आधी बोला. एकदा अर्ज गेला की गाडी पोलिसांकडे वळू शकते, हे तिला माहीत असलं पाहिजे. ती हो म्हणाली तर पुढे, नाही म्हणाली तर तो तिचा निर्णय.

करार उघडपणे बाहेर काढायची वेळही येते, पण ती वेगळी. कायदा गप्प असतो किंवा समोरचा शब्दांचा कीस पाडत असतो तेव्हा. २००३ मधली गोष्ट. एका मोठ्या संस्थेत कंत्राटी सफाई करणारी बाई, सातवा महिना. अधिकारी म्हणाले, “ती रोजंदारीवर आहे, बाळंतपणाची रजा कायमवाल्यांना.” माझ्याकडे दिल्ली महापालिकेच्या खटल्यातल्या निकालाची झेरॉक्स होती, सर्वोच्च न्यायालयाचा ८ मार्च २००० चा निकाल. रस्त्यावर रोजंदारीने राबणाऱ्या बायकांनाही मातृत्व लाभ द्या, सीडॉचा अनुच्छेद ११ त्यांच्या नोकरीच्या करारातच लिहिलेला आहे असं समजा, असं न्यायालयाने त्यात म्हटलंय. त्या ओळींखाली मी पेन्सिलने रेघ मारली होती. साहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि पंख्याकडे बघत म्हणाले, “ही झेरॉक्स ठेवून जाता का?” ठेवली. तिला पैसे मिळाले, पण मुलगा रांगायला लागल्यावर.

असंच गीता हरिहरन यांचं प्रकरण. रिझर्व्ह बँकेचे रोखे मुलाच्या नावे घ्यायला पालक म्हणून आईची सही चालेना, कारण १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’. न्यायालयाने १९९९ मध्ये ‘त्यांच्यानंतर’चा अर्थ ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असा लावला, आणि हा अर्थ लावताना सीडॉचा आधार घेतला. शाळेच्या फॉर्मवर एकट्या आईच्या सहीवरून वाद घालणाऱ्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवा.

आपल्या सरकारचीही एक गंमत आहे. करार मान्य करताना भारताने लिहून दिलं की प्रत्येक लग्नाची सक्तीची नोंदणी तत्त्वतः ठीक, पण एवढ्या मोठ्या देशात, इतक्या चालीरीतींत आणि अशा साक्षरतेत ते व्यवहार्य नाही. हे १९९३ मध्ये. आपल्या मुंबई राज्यात तर विवाह नोंदणीचा कायदा १९५३ पासून होता! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. नवऱ्याने लग्नच नाकारल्यावर हातात कागद नसलेली बाई ज्याने पाहिलीय, त्याला ‘व्यवहार्य नाही’ हे शब्द फार झोंबतात.

आणि “हे सगळं बाहेरून आणलेलं” म्हणणाऱ्या सदस्यांसाठी एकच. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम ‘सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र आणि समान’ अशा वळणाने निघालं होतं. ते ‘सर्व मानव’ व्हावं म्हणून हट्ट धरला भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. त्याच सुमारास त्या आपल्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. चर्चगेटला उतरून त्या इमारतीसमोरून रोज हजारो बायका ऑफिसला जातात.

ताई, आता तुमच्या पोस्टची शेवटची ओळ. तुम्ही सहज लिहिलंय की धाकटी बहीण सोळा वर्षांची आहे, आईला बरं नसताना ती दोनदा त्या घरी गेली होती आणि “तिलाही तो काहीतरी बोलला म्हणे”. मला सगळ्या पोस्टमध्ये हीच ओळ मोठी वाटली. ती अठराच्या आतली आहे, त्यामुळे तिचं प्रकरण नुसतं स्थानिक समितीचं नाही. ते पोक्सो, २०१२, म्हणजे लहान मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा. हाही असाच करारातून आलेला कायदा. बालहक्कांचा करार भारताने ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारला, ते त्याच्या प्रास्ताविकात लिहिलंय. नुसतं अश्लील बोलणंही त्यात गुन्हा आहे. जबाब घ्यायला तिला ठाण्यात बोलावत नाहीत. तो तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अंगावर वर्दी नको. आधी तिला एकटीला, आई समोर नसताना, काय झालं ते विचारा. ती सांगेल तेवढंच ऐका, तिच्या तोंडात शब्द घालू नका.

आणि आईचं कॅलेंडर बघा. समितीकडे जायला शेवटच्या प्रकारापासून तीन महिने असतात. कारण पटलं तर समिती आणखी तीन वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नका. गौरी विसर्जन होऊन दिवाळीही गेली. या सोमवारी अर्धी रजा टाका.