हाड माझं, मग हेल्मेटची सक्ती कशाला?

प्रश्न: मी 19 वर्षांचा आहे, स्केटबोर्डिंग करतो. आम्ही ज्या चौकात खेळायचो तिथे 'स्केटिंगला सक्त मनाई'ची पाटी लागलीय आणि कठड्यांवर लोखंडी गुठळ्या ठोकल्यात. नवीन स्केटपार्क होणार म्हणतात पण तिथे हेल्मेट, नी पॅड, एल्बो पॅड सगळं कंपल्सरी. पडणार मी, हाड मोडणार माझं, मग सरकारला काय त्रास? ही स्वातंत्र्यावर गदाच नाही का?

उत्तर: अर्धी गदा आहे रे, अर्धी नाही. तू दोन भांडणं एकाच पत्रात कोंबलीयस. हेल्मेट हा तुझ्या डोक्याचा मामला, आणि सज्ञान माणसाने स्वतःचं डोकं किती सांभाळायचं हे त्याने ठरवावं असं माझं मत आहे (घाल मात्र, प्लीज). लहान पोरांना सक्ती हवीच, त्यात वाद नको. पण चौक एकट्या तुझा नाही. ऑली (बोर्डासकट हवेत उडी) मारताना पाय चुकला की बोर्ड सुटतो आणि घोट्याच्या उंचीवरून सरळ सुसाट जातो, आणि समोरून काठी टेकत कोणी येत असेल तर त्या माणसाने काय उडी मारायची? तिथे 'माझी मर्जी' चालत नाही.

आता खरी गंमत. तुला वाटतं सरकारला तुझी काळजी आहे म्हणून नियम होतात. काळजी असते थोडीफार, पण जास्त असते ती कोर्टाची भीती. पोरगं पडलं आणि आईबापांनी भरपाई मागितली तर पैसे कोण देणार, म्हणून सगळ्यात सोपं काय, तर बंदी घाला. कॅलिफोर्नियात हेच चाललं होतं. मग 1998 पासून तिथे कायदा लागू झाला, त्यात स्केटबोर्डिंगला धोकादायक खेळांच्या यादीत टाकलं आणि 14 वर्षं किंवा पुढच्या कोणी सार्वजनिक पार्कात स्टंट करताना हातपाय मोडून घेतले तर साधारणपणे शहरावर दावा लागणार नाही असं ठरवलं. ऐकायला आपल्याविरुद्धच वाटतं ना? पण झालं उलटंच, शहरांची भीती गेली आणि धडाधड पब्लिक स्केटपार्क झाले. हेल्मेट-पॅडची अट त्याच कायद्यात आहे, आणि जिथे देखरेखीला कोणी नसतं तिथे शहराने नियम करून पाटी लावली तरी त्यांचं काम भागतं. म्हणजे ती पाटी तुझ्या डोक्याइतकीच त्यांच्या तिजोरीचीही राखण करते.

सरसकट बंदीचा अनुभव नॉर्वेने घेतलाय. 1978 ते 1989 तिथे स्केटबोर्ड विकायला, वापरायला, जाहिरात करायलासुद्धा बंदी होती! पोरं थांबली का, छे, जंगलात रॅम्प बांधून लपूनछपून खेळली. अशा बंदीला मी गदाच म्हणेन. अमेरिकेत पोर्टलंडला 1990 मध्ये बर्नसाइड पुलाखाली स्केटर्सनी परवानगी न घेताच काँक्रीट ओतून पार्क उभा केला आणि शहराने तो नंतर मान्य केला. पण दरवेळी असं होत नाही. अमेरिकेतल्याच फिलाडेल्फियाच्या लव्ह पार्कमध्ये स्केटिंगबंदीच्या निषेधात 2002 साली नगररचनाकार एडमंड बेकन स्वतः बोर्डावर चढले, वय 92, आणि त्या पार्कची मूळ कल्पना त्यांचीच! 2004 मध्ये एका बूट कंपनीने देखभालीसाठी 10 लाख डॉलर देऊ केले तरी महापौर हलले नाहीत.

म्हणून सांगतो, जागेसाठी नगरपालिकेला अर्ज कर, त्यात 'आमचं स्वातंत्र्य' एका ओळीत लिही आणि बाकी पानभर हे लिही की कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची, कठड्याची कड झिजली तर दुरुस्ती कोण करणार, गर्दीच्या वेळी तुम्ही कुठे जाणार. हेल्मेटबद्दल सज्ञानांना सूट मागायचीय तर तीही तिथेच माग, जबाबदारी स्वतःवर घेऊन. अधिकाऱ्याला सही करायला कारण लागतं, घोषणा नाही.

प्रश्न: माझं वय 71. आम्ही चौकात बसायला जातो आणि ही मुलं दिवसभर खडखडाट करतात. त्यांना हाकलावं असं म्हटलं की लोक मलाच जुनाट म्हणतात. माझं काय चुकलं?

उत्तर: काका, चुकलं काही नाही, शांत बसायला जागा मागणं हाही हक्कच आहे. फक्त हाकलून आवाज जात नाही, पुढच्या गल्लीत जातो. बराचसा खडखडाट फरशांच्या सांध्यांवरून कडक चाकं गेल्याने होतो. 78ए वगैरे (हा चाकाच्या कडकपणाचा आकडा, जितका मोठा तितकं चाक कडक) मऊ चाकं शांत असतात पण ट्रिक करणारी पोरं 99ए किंवा त्याहून कडक लावतात आणि ती बदलणार नाहीत, विचारून बघा हवं तर. सलग गुळगुळीत काँक्रीटचा एखादा कोपरा त्यांना दिला तर निम्मी कटकट कमी होईल, बोर्ड आपटायचा ठक्क आवाज मात्र राहील. लंडनला साउथबँक या कलाकेंद्राच्या इमारतीखाली 1970च्या दशकापासून पोरं स्केटिंग करतात, 2013 मध्ये तिथे दुकानं काढायचा घाट घातला गेला आणि 2014 मध्ये समझोता होऊन जागा स्केटर्सकडेच राहिली, कारण नुसते स्केटर नाही तर इतर लोकही त्यांच्या बाजूने उभे राहिले. तुम्ही सकाळ आणि संध्याकाळची वेळ स्वतःसाठी मागा, दुपार त्यांना द्या, आणि अर्जावर त्यांच्याबरोबर तुमचीही सही असू द्या.